वकिलाची फी की वकिलाचा वाटा?

तुम्ही लिहिलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. खाडीकाठचं गाव, भोई आणि खारवी मिळून १४० घरं, पाग (हाताने फेकायचं जाळं) आणि लहान होड्यांवर चालणारा धंदा. वरच्या अंगाला असलेल्या कारखान्यांचं सांडपाणी खाडीत उतरतं, गेले दोन पावसाळे मासे मरून तरंगताहेत आणि गावाने एकत्र येऊन नुकसानभरपाई मागायचं ठरवलं आहे. मोठ्या शहरातले एक वकील गावात येऊन बोलून गेले की आत्ता एक रुपयाही देऊ नका, जी भरपाई मिळेल तिच्यातले २५ टक्के माझे, अमेरिकेत सामुदायिक दावे असेच चालतात. आता गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो खिशातून काही जात नाही, मग हरकत काय. दुसरा म्हणतो पाव हिस्सा म्हणजे लूट आहे. तुम्ही विचारलंत, २५ टक्के जास्त आहेत का, आणि जास्त असतील तर किती योग्य?

मी २७ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात दिवाणी वकिली करतो. त्यातली बरीच वर्षं अशाच गटांच्या प्रकरणांत गेली आहेत: मच्छीमार, बागायतदार, रस्त्यात जमीन गेलेले सामाईक खातेदार. त्या अनुभवावरून सांगतो, टक्का किती असावा हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाहीच. तडजोडीची वेळ येईल तेव्हा 'हो' किंवा 'नाही' कोण म्हणणार आणि तोवर गावाचा पैसा कोणाच्या हातात असणार, हा खरा प्रश्न आहे. टक्क्यावरचं भांडण त्याच्यापुढे लहान आहे.

तरी टक्क्याचं आधी सांगून टाकतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. भारतात वकिलाला असा करार करताच येत नाही. २५ टक्केच काय, ५ टक्क्यांचाही नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने वकिलांच्या वर्तनाचे नियम केले आहेत. त्यातला नियम २० म्हणतो की खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाने ठरवू नये आणि त्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचं कबूल करू नये. हा नियम पुस्तकात पडून राहिलेला नाही. १९५४ साली वसुलीतला अर्धा हिस्सा घेण्याचा करार केलेल्या एका वरिष्ठ वकिलाला निलंबनाला सामोरं जावं लागलं होतं. अलीकडे, डिसेंबर २०१७ मध्ये, तेलंगणातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. अपघातात नवरा गमावलेल्या बाईंकडून वकिलाने भरपाईच्या टक्केवारीने फी मागितली होती, त्यापोटी चेक घेतला होता आणि तो वटला नाही म्हणून त्यांच्यावर फौजदारी केस टाकली होती. न्यायालयाने ती केस रद्द केली आणि स्वच्छ सांगितलं की निकालाच्या टक्केवारीवर फी मागणं बेकायदा आहे.

म्हणून तुमच्या गावाला माझा पहिला सल्ला: त्या वकिलांनी कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर किंवा 'भरपाईतून अमुक टक्के देऊ' असं हमीपत्र मागितलं तर सही करू नका, अंगठा उठवू नका. कराराला कायद्याने पाय नाहीत हे खरं, पण सही केलेला चेक समोरच्याच्या कपाटात असला की तुम्ही पुढची ४ वर्षं फौजदारी कोर्टाच्या तारखा मोजत बसता. त्या बाई जिंकल्या, पण त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या, कारण गावोगाव इथेच गोंधळ होतो. फी मागाहून घेणं चुकीचं नाही. एखादा वकील म्हणाला की तुमची परिस्थिती मला दिसते, माझी एकूण फी इतकी, ती २ वर्षांत जमेल तशी द्या, तर ते चालतं. कारण तुम्ही हरलात तरी ती देणं लागता आणि जिंकलात तरी ती तेवढीच राहते. उधारी चालते, पैज चालत नाही. 'जिंकलो तर वरती ५ लाख' हे टक्क्यात बोललेलं नसलं, तरी पैजच आहे.

अमेरिकेचा दाखला अर्धा खरा आहे. तिथे सामुदायिक दाव्याचा वकील स्वतःच्या खिशातून वर्षानुवर्षं खर्च करतो, हरला तर त्याला काही मिळत नाही, आणि जिंकला किंवा तडजोड झाली तर जमलेल्या रकमेतून फी घेतो. कॅलिफोर्निया ज्या अपील न्यायालयाखाली येतं तिथे २५ टक्के हा सुरुवातीचा मापदंड मानतात, हेही खरं. पण पाहुण्या वकिलांनी पुढचं सांगितलं नाही. तिथे सामुदायिक दाव्यातली फी वकील आणि गावाचा पुढारी चहा पिताना ठरवत नाहीत. ती न्यायाधीश ठरवतो. वकिलाला फीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याची नोटीस गटातल्या लोकांना जाते, त्यांच्यातला कोणीही उठून हरकत घेऊ शकतो, आणि मग न्यायाधीश ती रक्कम कमी करू शकतो. अनेक न्यायालयं वकिलाने घातलेले तास आणि मागितलेला टक्का ताडून बघतात. शिवाय तडजोडच मुळात न्यायालयाच्या मंजुरीशिवाय होत नाही.

इतकी राखण असूनही तिथे गैरप्रकार झाले. कंपनीने लोकांना पैशांऐवजी पुढच्या खरेदीवर सवलतीची कुपनं द्यायची आणि वकिलाने त्या कुपनांच्या कागदी किमतीवर रोख फी घ्यायची, अशा तडजोडी इतक्या वाढल्या की २००५ साली त्यांच्या संसदेला कायदा करून सांगावं लागलं की कुपनांच्या हिशोबाने फी मागायची असेल तर लोकांनी खरोखर वापरलेल्या कुपनांवरच ती मोजा. तुमच्या गावात आलेल्या प्रस्तावात मात्र टक्का तेवढा अमेरिकेचा आहे. त्यावर लक्ष ठेवणारा न्यायाधीश त्यात कुठेच नाही.

त्या पद्धतीचं मूळ मात्र मला मनापासून पटतं आणि ते आपल्या गावकीला परकं नाही. १८८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे फ्लोरिडातल्या रेल्वेच्या एका रोखेधारकाचं, म्हणजे रोखे घेऊन पैसे गुंतवलेल्या माणसाचं, प्रकरण आलं. ज्या निधीच्या जमिनींवर त्या रोख्यांची हमी होती, त्याचे विश्वस्त त्या जमिनी कवडीमोलाने विकत सुटले होते. हा एकटा माणूस वर्षानुवर्षं स्वतःच्या खर्चाने लढला आणि त्याने सगळ्यांचा निधी वाचवला. बाकीचे रोखेधारक घरी बसून फायद्याचे धनी झाले. न्यायालय म्हणालं, सगळ्यांचा निधी वाचला, तर वकिलाचा आणि कोर्टाचा खर्चही त्या निधीतूनच निघाला पाहिजे. त्याने स्वतःच्या मेहनतीचा मोबदला आणि राहण्याजेवण्याचा खर्चही मागितला होता, तो मात्र नाकारला. शिमग्यात पालखीच्या खर्चाला आपण घरटी वर्गणी काढतो त्यामागचा विचार हाच आहे ना? ज्याच्या अंगणात पालखी नाचते, त्याने वर्गणी द्यायची.

माझं आजोळ मालवणकडचं. लहानपणी मी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायला गेलो आहे. रापणीत मासळीचे वाटे पडतात: दोर ओढणाऱ्याचा वाटा, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा. आजोबा म्हणायचे, "जाळ्याचो वाटो आधी काढूचो, मगे बाकीचे." म्हणूनच मच्छीमाराला वकिलाचा टक्का सहज पटतो. जाळ्याला वाटा, तसा वकिलाला वाटा. मी ही तुलना खूप वर्षं मनात घोळवली आहे आणि मला ती एका ठिकाणी तुटताना दिसते. जाळं कधी म्हणत नाही की आता पुरे, एवढीच मासळी घेऊन किनाऱ्याला लागूया. वाटेकरी वकील तसं म्हणू शकतो. पहिल्या वर्षी १ कोटीची तडजोड झाली तर त्याला २५ लाख लगेच मिळतात. पुढे ५ वर्षं लढून ४ कोटी मिळतील, पण त्याला तेवढं थांबायचं नसेल, तर तो तुम्हाला कुठला सल्ला देईल? वकील प्रामाणिक असला तरी त्याच्या मनात दोन तराजू लागतात. नियम २० माझ्या मते यासाठी आहे.

आता उलटी बाजू, कारण ती लपवणं बरोबर होणार नाही. या बंदीचा फटका गरिबालाच बसतो. कारखान्याकडे दर तारखेला ज्येष्ठ वकील उभा करायला पैसे असतात. तुमच्या गावाकडे नसतात. आणि नियमाने बांधलेला वकील 'हरलो तर काही नको' असं म्हणू शकत नाही, म्हणून अनेक चांगली प्रकरणं दाखलच होत नाहीत. सामुदायिक प्रकरणांपुरती तरी न्यायालयाच्या देखरेखीखाली निधीतून फी देण्याची सोय आपल्याकडे व्हायला हवी, असं मला वाटतं. पण जोवर ती नाही तोवर आहे त्या चौकटीत रस्ता काढायला हवा.

त्या आधी भोपाळची आठवण करून देतो, कारण टक्का नसला की सगळं ठीक होतं असाही समज नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायुगळती झाली आणि काही दिवसांतच अमेरिकन वकील भोपाळात उतरले, टक्क्याच्या करारांवर लोकांच्या सह्या-अंगठे घेत. सरकारने १९८५ साली कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. पीडितांच्या भरपाईत कोणाचा टक्का उरला नाही. १९८६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने प्रकरण भारतात परत पाठवलं आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसं जळाली होती त्यांना त्या आकड्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण तडजोडीआधी पीडितांचं म्हणणं ऐकायला हवं होतं हेही मान्य केलं. वाटेकरी वकील काढून टाकले, तरी तडजोडीची किल्ली लोकांच्या हातात आली नाही. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की टक्क्यापेक्षा किल्ली मोठी.

आता तुमच्या प्रकरणाकडे येतो. प्रदूषणाने झालेल्या नुकसानीची भरपाई जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात मागता येत नाही. त्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे आणि आपल्यासाठी त्याचं पश्चिम क्षेत्राचं खंडपीठ पुण्याला. म्हणजे कुंभार्ली घाट चढून जाणं आलं. तिथे भरपाई मागताना मागितलेल्या रकमेच्या १ टक्का शुल्क भरावं लागतं. भरपाई न मागता फक्त प्रदूषण थांबवा एवढंच मागितलं तर ते १,००० रुपये आहे. समजा घरटी ३ लाखांची मागणी धरली तर १४० घरांचे ४ कोटी २० लाख होतात आणि शुल्क ४ लाख २० हजार, म्हणजे घरटी ३,०००. गावाला 'एक रुपयाही नको' सांगणाऱ्या वकिलांना हा खर्च कोण भरणार, ते विचारा. ते भरणार असतील तर लेखी काय म्हणून भरणार, उसने की भागीदार म्हणून, हेही विचारा.

अशी प्रकरणं उभी राहतात का? राहतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये याच पुणे खंडपीठाने उरण-पनवेल भागातल्या पारंपरिक मच्छीमारांच्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदर आणि भरावाच्या कामांनी त्यांची मासेमारीची ठिकाणं गेली होती. सरासरी काढली तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजारांच्या आसपास. त्यावर कोणाचा २५ टक्क्यांचा करार असता, तर जवळजवळ २४ कोटी एका माणसाच्या नावावर गेले असते. पण हेही लक्षात ठेवा की आदेश झाला त्या दिवशी पैसे हातात पडले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायाधिकरणाविरुद्धचं अपील थेट तिथेच जातं. दिल्लीच्या वकिलाची फी हा असा खर्च आहे जो गावाच्या सभेत कोणी धरत नाही आणि नेमका तोच जिंकलेल्या गटाचं कंबरडं मोडतो.

म्हणून फी टप्प्यांत ठरवा. माझ्याकडे गट आला तर मी असं करतो: पहिला टप्पा कागद गोळा करणं आणि अर्ज दाखल होईपर्यंत. दुसरा, समोरच्यांची उत्तरं आणि न्यायाधिकरण नेमतं त्या संयुक्त समितीची पाहणी व अहवाल. तिसरा, अंतिम युक्तिवाद. चौथा, अपील झालंच तर दिल्ली, आणि तो करार वेगळा. प्रत्येक टप्प्याचा ठरलेला आकडा, तो कधी द्यायचा ते, आणि त्यात काय धरलेलं नाही ते सगळं एका कागदावर मराठीत. प्रवास, टायपिंग, प्रयोगशाळेचं बिल हे फीत धरायचं नाही, वेगळं दाखवायचं. आकडा किती असावा हे मी इथून सांगणार नाही, कारण ते वकिलाच्या अनुभवावर, कारखाने किती आहेत यावर आणि कागदपत्रं तुमच्याकडे किती तयार आहेत यावर ठरतं. ५ प्रतिवादी असलेलं प्रकरण आणि ३० प्रतिवादी असलेलं प्रकरण यांची मेहनत एक नाही. दोन-तीन वकिलांकडून टप्पेवार आकडे घ्या. टप्पे पाडून द्यायला जो तयार होत नाही, त्याच्याकडे मी माझं प्रकरण दिलं नसतं.

वर्गणी कशी काढायची हे गावकीने ठरवावं. घरटी समान काढा किंवा होडीवाल्याने जास्त आणि नुसता पाग असलेल्याने कमी द्यावं असं करा. मी दोन्ही चाललेलं पाहिलं आहे. मुंबईकर मंडळाने पहिल्या टप्प्याचे पैसे उभे केले आणि गावाने मागाहून फेडले, हेही पाहिलं आहे. एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन: वर्गणी न देणाऱ्या घराचं नाव अर्जातून कापू नका. ते घर बहुतेक वेळा विधवेचं किंवा आजारी माणसाचं असतं, आणि १४० पैकी १२० नावंच दिसली की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

पैसे कुठे ठेवायचे? मच्छिमार सोसायटी नीट चालत असेल आणि तिच्या पोटनियमांत बसत असेल, तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून तिच्या नावावर वेगळं खातं काढा. नसेल तर तीन माणसांच्या संयुक्त नावावर खातं, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं. तिघांतली एक बाई असावी. वकिलाला पैसे खात्यातूनच द्या आणि फीचे किती, खर्चाचे किती अशी पावती मागा. अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवणं हे वकिलावर नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे पावती मागण्यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही.

हे मी इतकं तपशिलात का लिहितो, ते सांगतो. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे ३८ आंबा बागायतदार आले होते. जवळच्या खडी क्रशरच्या धुळीने मोहोर जळत होता. माणसं कष्टाळू होती, प्रकरण खरं होतं, आणि मी उत्साहात होतो. फी लेखी ठरवली नाही. त्यांचा पुढारी येईल तेव्हा हातावर काही ठेवून जाई, मी वहीत टिपून ठेवत असे, पावती मात्र कधी दिली नाही. चौथ्या वर्षी वाडीच्या बैठकीत हिशोब निघाला. त्यांनी जमवलेले आणि माझ्या वहीतले, यांत ११ हजारांचा फरक पडला. पुढाऱ्याने खाल्ले म्हणावं तर पुरावा नाही, मी लपवले म्हणावं तरी नाही. प्रवासखर्च, झेरॉक्स, चहापाणी यांत ते गेले असतील. पण त्या ११ हजारांवरून निम्मी माणसं उठून गेली. क्रशरवाल्याला बातमी लागली. त्याने मोठ्या बागा असलेल्या पाच जणांना वेगवेगळं गाठून पैसे दिले आणि उरलेल्यांचं प्रकरण पुराव्याअभावी पडलं. त्या उरलेल्यांत एक म्हातारी होती, तिची १२ कलमं होती. ती अजून बाजारात भेटली की विचारपूस करते. प्रकरणाबद्दल कधी बोलत नाही. त्या वर्षानंतर लेखी करार आणि पावतीशिवाय मी गटाचं एकही काम घेतलेलं नाही.

आता किल्लीबद्दल. वकीलपत्र हा छापील कागद असतो आणि त्यात बारीक अक्षरात बहुधा एक वाक्य असतं: तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकार वकिलाला दिला आहे. सही करण्याआधी ते वाक्य शोधा. तडजोड आणि पैसे स्वीकारणं हे दोन्ही खोडा आणि खोडलेल्या ठिकाणी सही करा. चांगला वकील हरकत घेत नाही. आणि करारात लिहा की समोरून कुठलाही प्रस्ताव आला, कोणाच्याही मार्फत आला, तर तो ७ दिवसांत गावच्या सभेपुढे वाचून दाखवायचा, आणि सभेच्या ठरावाशिवाय हो म्हणायचं नाही. दिवाणी न्यायालयातल्या प्रातिनिधिक दाव्यांत कायद्याने ही राखण आधीच ठेवली आहे: काही जणांनी सगळ्यांच्या वतीने दावा लावला तर तडजोडीआधी सगळ्यांना नोटीस आणि न्यायालयाची परवानगी दोन्ही लागतात, कारण निकाल सगळ्यांना बांधतो. तुमचं प्रकरण वेगळ्या ठिकाणी चालणार असलं, तरी तेच तत्त्व तुम्ही स्वतः करारात घालून घ्या. भरपाई आली तर ती प्रत्येक कुटुंबाच्या बँक खात्यात थेट जावी, अशी मागणी अर्जातच करा. वकिलाच्या किंवा पुढाऱ्याच्या खात्यातून ती फिरायला नको.

वकील बदलायची वेळ आली तर घाबरू नका. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे. बाकी फीसाठी तो स्वतंत्र दावा लावू शकतो, फाइल मात्र द्यावीच लागते.

वकील नसलेला एखादा मध्यस्थ 'मी खर्च करतो, मला वाटा द्या' म्हणत आला तर? त्याला नियम २० लागू होत नाही, कारण तो वकील नाही. खटल्याला तिऱ्हाइताने पैसा पुरवणं आपल्याकडे मुळातच बेकायदा नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १८७६ सालीच सांगितलं. पण पिळवणुकीचा करार न्यायालय मानत नाही, हेही तिथेच सांगितलं. खेड्यात येणारे बहुतेक मध्यस्थ पुढे कोणातरी वकिलाशीच जोडलेले असतात. मी अशा करारापासून माझ्या अशिलांना लांबच ठेवतो.

आणि एक वाट तुमच्या गावात कोणी बोललं नसेल, ती म्हणजे मोफत विधी सेवा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. औद्योगिक आपत्तीचे बळी ठरलेल्यांचाही त्या यादीत उल्लेख आहे. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं. तिथून मिळणारा वकील नवखा असेल म्हणून नाक मुरडू नका. निदान अर्जाचा कच्चा खर्डा, कागदांची यादी आणि दुसऱ्या वकिलाने दिलेल्या कराराची तपासणी इतकं तरी तिथे नक्की होतं.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अशा प्रत्येक अर्जात होडीवाल्यांची नुकसानी असते, कारण त्यांच्याकडे नौकेची नोंदणी असते, परवाना असतो, सोसायटीच्या पावत्या असतात. ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढणाऱ्या, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकणाऱ्या बायकांकडे एक चिटोरंही नसतं, म्हणून त्यांची रोजी यादीतूनच गळते. त्यांच्यासाठी प्रतिज्ञापत्रं करा. ज्या घरांना त्या वर्षानुवर्षं मासे देतात त्यांची साक्ष घ्या, बाजारकर भरल्याच्या पावत्या कुठे असतील तर शोधा. फी जितकी या कामावर खर्च होईल तितकी ती सार्थकी लागेल.

पुराव्यासाठी घ्यायच्या पाण्याच्या नमुन्यांचंही असंच. नमुना कोणी, कधी, कुठून घेतला याचा पंचनामा नसेल तर प्रयोगशाळेच्या सुंदर अहवालाला किंमत राहत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून त्यांच्या समक्ष नमुने घ्यायला लावा. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात खाडीच्या माशांचा अभ्यास असलेली माणसं आहेत, त्यांना भेटा. हे काम वकील नेमण्याआधीही सुरू करता येतं आणि पहिल्या टप्प्याची फी त्यानेच कमी होते.

एवढं सगळं करायला गावाला वेळ लागेल हे मला कळतं. पण एक मुदत तुमच्यासाठी थांबणार नाही. भरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून ५ वर्षांत करावा लागतो, आणि प्रदूषणाबाबतचा नुसता वाद न्यायाधिकरणापुढे न्यायचा असेल तर ६ महिन्यांत. दोन्हींत योग्य कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसच मिळतात. तुम्ही 'दोन पावसाळ्यांपासून' लिहिलंत. समोरचा वकील विचारेल की त्याआधी कधीच मासे मेले नव्हते का. तेव्हा या आठवड्यात सभा घ्याल तेव्हा फीचा विषय दुसरा ठेवा. आधी जुन्या माणसांना विचारून, फोनमधले फोटो आणि तेव्हा दिलेले अर्ज काढून, खाडीत मासे पहिल्यांदा तरंगले ती तारीख कागदावर लिहून घ्या.